अक्का, पट्टा पेरला नाही

अक्का, तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मंडपवाल्यानं खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवल्या, आणि गणपतमामा ओट्यावर येऊन बसला. बाबा गेल्यापासून आपलं वावर तोच बटईनं करतो. त्यानं चहा बशीत ओतून प्यायला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "रजे, इहिरीखालचा पट्टा पेराचा का ठेवाचा?"

प्रश्न खरं तर तुला होता. पण तू नव्हतीस, म्हणून मला विचारला. मी म्हटलं, "सांगते मामा." तो म्हणाला, "लवकर सांग. मिरुग तोंडावर आला."

पट्टा म्हणजे विहिरीपासून नाल्याच्या बांधापर्यंतचा लांबोडा तुकडा. कपाशीला आपल्याकडे त्याहून चांगली जमीन नाही. तो तुला एका हंगामासाठी मोकळा हवा होता, तुमची कंपनी फौजेसाठी बनवत होती ते बिनमाणसाचं विमान त्याच्यावर उतरवून बघायला. जमिनीच्या कागदात, पहाणीत, नावं आपल्या दोघींची, त्यामुळे माझ्या होकाराशिवाय तुझं काही चालत नव्हतं, आणि मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. आपलं भांडण मध्यावर असताना तू उठून गेलीस. लहानपणीही तू हेच करायचीस. हरायला लागलीस की "मले पानी प्याचं हाय" म्हणून उठायचीस.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ऐकलं, गॅस बारीक केला, उरलेल्या पोळ्या लाटून, भाजून डब्यात घातल्या आणि मग हैदराबादची बस धरायला निघाले. मेंदूत रक्तस्राव झाला, कामाच्या टेबलाशीच कोसळल्या, असं डॉक्टर सांगत होते, आणि मी त्यांच्या खिशातल्या पेनाचं टोपण कुठं पडलं असेल याचा विचार करत होते. तुला गावी आणलं, त्रिसरण-पंचशील झालं, लोकांनी फुलं वाहिली, आणि मी सगळ्यांना पाणी मिळालं का ते बघत फिरत होते. बायका कुजबुजल्या, "काळजाची घट्ट हाय पोरगी." घट्ट वगैरे काही नाही गं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसल्यासारखा, तसं झालंय सगळं.

कार्यक्रमासाठी तुझा परिचय लिहून द्या म्हणाले. दिला. जन्म कुठं, शाळा कुठली, आदिलाबादहून पुढं कुठं शिकायला गेली, काय पदवी, काय हुद्दा. वाचणाऱ्यानं तो चांगला खणखणीत वाचला. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतीस. म्हणून हे आता तुलाच लिहिते आहे.

तुझं काम गावात कोणाला कळलं नाही, आणि सांगण्यात तुलाही फार गोडी नव्हती. मायनं मात्र तामसीच्या बाजारापासून बसस्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माही सुजाता हेलिकॉप्टर बनवते." तू चिडायचीस. एकदा तू तिला समोर बसवून समजावलंस. हेलिकॉप्टर डोक्यावरच्या पंख्याला लटकतं. आमचं तसं नाही. आमच्या यंत्राच्या पोटाखाली जेटच्या नळ्या असतात, त्या जमिनीकडे तोंड करून जोर लावतात, की ते जागच्या जागी सरळ वर उठतं. वर गेलं की नळ्या मागं वळतात आणि ते साध्या विमानासारखं उडत जातं. त्याला धावपट्टी लागत नाही. डोंगरावरच्या चौकीशेजारी अंगणाएवढी जागा असली तरी पुरते. मायनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे हेलिकॉप्टरच ना!" तू कपाळावर हात मारलास आणि मी इतकी हसले की मला ठसका लागला.

मला मात्र तू खरी अडचण सांगितली होतीस. लोकांना वाटतं वर उठणं अवघड. वर उठणं सोपं, जोर असला की झालं. अवघड आहे ते उतरणं, आणि त्यातही शेवटचं पुरुषभर उंचीचं अंतर. नळ्यांतून निघालेला तापलेला वारा जमिनीवर आपटतो, उलटा वर येतो आणि यंत्राच्याच तोंडात शिरतो. गरम वारा पोटात गेला की इंजिनचा दम तुटतो आणि यंत्र दगडासारखं खाली पडतं. शिवाय माती, खडे, धूळ. "तोंडावर घोंगडं घेऊन झोप अन् पाह्य कसं वाटते," तू म्हणालीस. "आपलाच श्वास आपल्याच नाकात. तसं होते त्याले." अख्खी नोकरी तू त्या पुरुषभर अंतरात घालवलीस. वरच्या आभाळाचं तुला काही घेणंदेणं नव्हतं. विमान बनवणारी बाई इतकी खाली बघत चालते हे मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

कंपनीनं यावर लोखंडी पाट काढले होते. जाड पत्र्याचे, एकमेकांत अडकवायचे. आधी पाट अंथरायचे आणि मग त्यावर उतरायचं. तुझा त्यावर राग. "उतराले पाट पायजे, अन् पाट न्याले आधी उतरा लागते," तू म्हणायचीस. चौकीवर ते पाट वाहून नेणार कोण? माणसंच. मग यंत्राचा उपयोग काय?

आणि मग तुला खळं सुचलं. अक्का, हे दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं, आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं. तुझं म्हणणं असं की आपल्याकडे मळणीसाठी जमीन पक्की करतातच की. भुई भिजवायची, धुमसानं ठोकायची, शेण आणि कुटाराचा भुसा कालवून सारवायची, वाळू द्यायची. दाणा मातीत मिसळत नाही, धूळ उडत नाही. जी भुई बैलांचे पाय सोसते ती थोडा वारा सोसणार नाही? चौकीवर पाणी, माती आणि दोन माणसं असली की झालं. तू रजा काढून आलीस, पाठोपाठ कंपनीची गाडी आली, आणि मायनं पदर खोचला. आपण लहान असताना माय मालकांच्या वावरात मजुरीनं खळी सारवायची आणि आपण दोघी शेणाच्या पाट्या उचलायचो. स्वतःच्या वावरात, स्वतःच्या लेकीच्या विमानासाठी ती पहिल्यांदाच खळं करत होती. कोणाला हात लावू देईना. वाळल्यावर खळं असं झालं की त्यावर भात वाढून जेवावं.

खळ्यावर उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीला यंत्र साखळ्यांनी बांधलेलं होतं. तुझ्या हाताखालचा श्रीनिवास हेल्मेट घालून उभा होता. इंजिन सुरू झालं, नळ्या गरजल्या, यंत्र हळूहळू खाली यायला लागलं, आणि खळ्याची एक कड उचलली गेली. मग अख्खं खळं तळलेल्या पापडासारखं फुगलं आणि तुकडे होऊन उडालं. शेणाची एक खापरी थेट श्रीनिवासच्या हेल्मेटवर बसली. सगळ्यांच्या अंगावर कुटाराचा पाऊस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इंजिन बंद झालं, धूळ बसली, आणि त्या शांततेत माय ओरडली, "तुमच्या इमानानं माहं खळं खराब केलं ना वं!" तू बांधावर बसलीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मला वाटलं, आता ही रडेल. पण तू खरंच हसत होतीस.

रडण्यासारखं झालं ते पुढं, हैदराबादला. बैठकीत त्या उडालेल्या खळ्याचा व्हिडिओ लावला गेला आणि वरच्या एका साहेबानं नाव ठेवलं, "गोबर टेक्नॉलॉजी". सगळे हसले. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी भडकले. शेण म्हटलं की त्याला काय दिसत होतं आणि कोण दिसत होतं, ते मला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "तू तोंडावर काऊन नाई सांगितलं त्याले?" तू म्हणालीस, "हसू दे वं. चूक माही होती, शेनाची नाई."

मग चूक कुठं होती ते सांगितलंस. बैल वरून दाबतो, म्हणून खळं टिकतं. जेटचा वारा आधी दाबतो, मग चहूकडे पसरतो, आणि पसरताना जिथं फट सापडेल तिथून खाली घुसतो. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला फटींचा काय तोटा! सारवणाच्या खाली भेग होतीच. "दुसरं कोनी असतं त त्यानं भेग आधी पायली असती," तू म्हणालीस. "मी खळं पायलं, म्हून भरोसा ठेवला." अपमान झालेलं माणूस इतक्या शांतपणे कसं बोलतं ते मला समजलं नाही. मला अजून त्या साहेबाचा राग आहे. तुझ्या वाटचाही मीच करते आहे.

पुढचे कित्येक महिने तू त्याच नादात होतीस. आणि एके दिवशी तुझा फोन, आवाजात जरा चढ. जमीन बदलायचीच नाही. उतरायची रीत बदलायची. यंत्र जागच्या जागी थांबून सरळ खाली येतं, म्हणून आपलाच वारा गिळतं. त्याऐवजी ते हळूहळू पुढं सरकत, तिरपं खाली आलं तर? गरम वारा आणि धूळ मागं राहील, तोंड पुढं असेल. चुलीपुढं बसलेली बाई धूर आला की सरकून बसते, तसं. त्यासाठी अंगण पुरणार नाही, थोडी लांबट जागा लागेल, पण पाट लागणार नाहीत, खळं लागणार नाही. तुमच्या बंद शेडमध्ये धूर सोडून लहान नमुन्यावर तू ते पाहिलंही होतंस. पण वरच्यांना खरं यंत्र खऱ्या मातीवर उतरलेलं पाहिजे होतं, तेही पावसाच्या आधी. नाहीतर पाटांवर शिक्का बसणार होता आणि तुझी तिरपी रीत कपाटात जाणार होती.

म्हणून तू थंडीत आलीस आणि अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता विषय काढलास.

"रजे, मले तो इहिरीखालचा पट्टा पायजे. एक हंगाम."

"कायले?"

"मोकळा, सरळ, अन् खरी काळी माती. भेगाबिगा सगळं हाय त्याच्यात. उन्हाळ्यात उतरवून पायतो. पन एकदा जमलं त पावसानंतर ओल्या मातीवर बी पाहा लागते. म्हून पेरू नको."

"अन् त्या इमानात काय राह्यते?"

"दवाई. रक्ताच्या पिशव्या. खानं. येतानी जखमी मानूस."

"आज दवाई नेते. उद्या बॉम्ब नेईन. मंग?"

तू शेंगा सोलायची थांबली नाहीस. "नेईन बी," म्हणालीस.

"तू थांबवशीन?"

"नाई. माह्या हातात नाई ते."

अक्का, मला वाटलं होतं तू काहीतरी गुळगुळीत बोलशील. देशाचं रक्षण वगैरे. भाषण ठोकलं असतंस तर मी तिथंच नाही म्हणून मोकळी झाले असते. तू खरं बोलून माझी पंचाईत केलीस.

मी म्हटलं, "रविवारी विहारात मी पोरायकडून पहिलं शील म्हनून घेते. जीव घेनार नाई. अन् माह्याच वावरात हे?"

"मी बी म्हनते ते शील. रोज."

"मंग?"

"मंग काय. म्हनते अन् कामाले जाते." मग तू माझ्याकडे बघितलंस. "तुह्या शाळेतले किती पोरं फौजेत गेले?"

"गेले बरेच."

"त्यातला एखादा तिकडं बर्फात पाय मोडून पडला त त्याले खाली कोन आनते? वाट असली त खच्चर. नाई त कोनीच नाई. तो मेल्यावर तू शाळेत दोन मिनिटं उभी राह्यशीन."

हे मला लागलं. लागावं म्हणूनच बोललीस. मी म्हटलं, मग दवाखान्याचं विमान बनव, फौजेचं काऊन? तू म्हणालीस, दवाखाना कोन बनवू देते मले, फौजच बनवून घेते. मी म्हटलं, म्हणजे जो बनवून घेईल त्याचं बनवशील. तू म्हणालीस, तू बी सरकार शिकवाले लावते तेच शिकवते ना. असं ते वाढत गेलं. शेवटी मायच ओरडली, "चूप बसा दोघी. बोलता बोलता किडक्या शेंगा चांगल्यात टाकून राह्यल्या तुमी." बघितलं तर खरंच टाकल्या होत्या. मग आपण दोघी मुकाट्यानं किडक्या शेंगा वेचत बसलो. त्या दुपारी जेवताना तू तुझ्या ताटातली मिरची माझ्या ताटात टाकलीस, म्हणजे राग नव्हता.

शेवटचा फोन लोणच्याचा होता. लोक विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं, आणि मला सांगावं लागतं की कैऱ्यांना मीठ किती लावायचं ते. तू म्हणालीस, यंदा मीठ कमी घाल, माझं बीपी वाढलंय. मी म्हटलं, मीठ कमी घातलं तर बुरशी येते, तुला नको तर तू खाऊ नको. तू म्हणालीस, खानारच. ठेवता ठेवता म्हणालीस, "पट्ट्याचं पावसाच्या आधी सांगजो." मी म्हटलं, "सांगते." एवढंच. काही राहून गेलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आताही मी त्यात काही शोधत नाही. माणसं अशीच बोलतात.

गणपतमामा विचारून गेल्यावर आठवड्याच्या आत श्रीनिवासचा फोन आला. तो तेलुगू माणूस, माझ्याशी हैदराबादी हिंदीत बोलतो. आधी बराच वेळ मायची चौकशी केली. मग म्हणाला, "मॅडम, एक बात पूछना था." मी म्हटलं, पट्टा ना? त्यानं हो म्हटलं. मग म्हणाला, मॅडम असत्या तर त्यांनीच विचारलं असतं, मला हक्क नाही. दुसरं एक रान बघून ठेवलंय, पण ते मुरमाड आहे, वर दाखवलं तर म्हणतील खडकावर काय, कुठंही उतरेल. पाऊस आला की विषय संपला. मी त्याला तोच प्रश्न विचारला जो तुला विचारला होता. आत काय ठेवणार? तो म्हणाला, "वो हम लोगां नहीं बोल सकते मॅडम. सच बोलूं तो मालूम नहीं." तुझाच माणूस. खोटं बोलायला तू त्यालाही शिकवलं नाहीस.

मी वावरात जाऊन आले. विचार करायला गेले होते, पण तसला काही विचार झाला नाही. नुसती विहिरीच्या कठड्यावर बसले. माझं म्हणणं काय ते मला पाठ होतं. तुझं म्हणणंही पाठ होतं. दोन्ही बाजू मीच बोलून बघितल्या आणि कंटाळा आला. नाही म्हणायला समोर माणूस लागतं, अक्का. तुला नाही म्हणण्यात अर्थ होता. तू चिडली असतीस, पुन्हा आली असतीस, मिरची टाकली असतीस. श्रीनिवासला नाही म्हटलं तर तो "ठीक है मॅडम" म्हणून फोन ठेवणार, आणि तुझं इतक्या वर्षांचं ते पुरुषभर अंतर कपाटात जाणार. आणि तू गेलीस म्हणून हो म्हटलं, तर मला पटलं असं होत नाही. मेलेल्या माणसाला भांडणात जिंकू देणं मला जमत नाही. तो तुझा अपमान होईल.

मी मामाला सांगितलं, पट्टा पेरू नका. त्याच्या वाट्याची कपाशी बुडू नये म्हणून दुसऱ्या तुकड्यातल्या पिकातला माझा वाटा त्याला दिला. श्रीनिवासला कळवलं, या. आणि हेही सांगितलं, की जमीन दिली आहे, मत दिलेलं नाही. उद्या त्या यंत्रातून माणसं मारणारी वस्तू गेली तर मी बोलणार, आणि तुमच्या मॅडमचं नाव घेऊन बोलणार. तो म्हणाला, "बोलो मॅडम. हमारे मॅडम भी ऐसेइच बोलते थे."

काल ते आले. सकाळी, ऊन चढायच्या आत. ट्रकवरून यंत्र उतरवलं, राखाडी, बैलगाडीएवढं, पंख आखूड. परवानगीचे कागद बघायला एक पोलीस आला होता, त्यानं गावातल्या लोकांना बांधाच्या पलीकडं थोपवून धरलं. वरचे साहेबही आले होते. त्यातला गोबर टेक्नॉलॉजीवाला कोणता, ते मी श्रीनिवासला विचारलं नाही. विचारलं असतं तर चहा दिला नसता. मायला मी येऊ नको म्हटलं होतं, तरी ती आली. लिंबाखाली खुर्ची ठेवली, पण बसली नाही.

पट्ट्याच्या वरच्या टोकाला पत्र्यावरून ते उठलं. आवाजानं कानाचे पडदे हलले. सरळ वर गेलं, थोडा वेळ लोंबकळल्यासारखं थांबलं, मग नळ्या वळल्या आणि नाल्यावरून पलीकडं निघून गेलं. आवाज लांब गेला. मग ते दुसऱ्या बाजूनं परत आलं. हळूहळू, नाक किंचित वर, तिरपं, पुढं सरकत. पट्ट्याच्या सुरुवातीला धूळ उसळली, भिंतीएवढी उंच. मला वाटलं, गेलं. पण धूळ मागंच राहिली, अक्का. यंत्र धुळीच्या पुढं चालत होतं. भेगांवरून, ढेकळांवरून, आपल्या वाऱ्याला मागं टाकत ते खाली आलं, चाकं टेकली, थोडं धावलं आणि थांबलं. इंजिनचा सूर उतरत गेला आणि बंद झाला.

तुझं बरोबर होतं. उतरायच्या बाबतीत तुझं पूर्ण बरोबर होतं. हे मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं.

श्रीनिवास ढेकळांत मांडी घालून बसला आणि लहान मुलासारखा रडला. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. बांधापलीकडून गाव ओरडत होतं. मीही टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते, ते मला दिसत होते. तुला फोन करायला पाहिजे एवढं एक डोक्यात आलं, आणि मग ते तसंच राहिलं, कुठं ठेवावं ते कळेना.

तेवढ्यात माय चालायला लागली. पट्ट्यातून, सरळ यंत्राकडं, पदर डोक्यावर ओढून. कोणाच्या लक्षात येईपर्यंत अर्ध्यात पोचली होती. श्रीनिवास उठून ओरडला, "अम्मा, आगंडी! रुको! गरम है!" ती थांबली. मागं वळली नाही, तिथंच उभी राहिली.

मी गेले. तिच्या दंडाला धरलं. "माय, चाल. ऊन लागते."

"थांब," माय म्हणाली. "उतरू दे."

"कोन उतरू दे, माय? त्याच्यात कोनी नसते."

"मालूम हाय मले." तिनं माझा हात बाजूला केला नाही, पण पायही हलवला नाही. "तरी थांब."

आम्ही दोघी थांबलो, अक्का. लोक बांध ओलांडून आले आणि आम्हाला बघून मागंच उभे राहिले. तापलेला पत्रा निवता निवता टिकटिक वाजत होता, तो वाजायचा बंद होईपर्यंत आम्ही थांबलो. कोणी उतरलं नाही.